पाण्याखालची वेगळी नळी

डायव्हिंग शिकताना पहिला धडा थुंकण्याचा असतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्या वाटेला गेलेच नसते. डोळ्यांवर लावायचा काचेचा मास्क हातात घ्यायचा, आतल्या बाजूने त्यात थुंकायचं, ती थुंकी बोटाने काचभर चोळायची आणि पाण्यात जरासा विसळून तोच मास्क तोंडावर चढवायचा. असं केलं की काचेवर वाफ धरत नाही म्हणे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका शाळेच्या स्विमिंग पूलच्या काठावर आमचा मास्तर, नेव्हीतून रिटायर झालेला एक टकला गोरा, हे सगळं इतक्या मनापासून करून दाखवत होता की मी दोन पावलं मागे सरकले. लहानपणी पुस्तकाचं पान उलटायला बोट जिभेला लावलं तरी आई मनगटावर चापट मारायची. आणि इथे मी, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करणारी, एम. एस. झालेली बाई, पैसे भरून थुंकायला शिकत होते.

शेजारी माझी मैत्रीण उभी होती. तिने मास्तरकडे पाठ केली, थुंकल्याचं नुसतं नाटक केलं आणि टॉवेलात लपवलेल्या बाटलीतून बेबी शॅम्पूचे थेंब काचेला लावले. "मेले तरी थुंकणार नाही," ती मला मराठीत म्हणाली. मला हसू आवरेना.

हा सगळा उपद्व्याप तिच्या नवऱ्याचा. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. तो ज्या कंपनीत होता तिचे शेअर बाजारात आले आणि आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहणारा, पेपरातली कूपनं कापून सेलमधले बटाटे आणणारा माणूस बघता बघता टेकडीवरच्या घरात राहायला गेला. मी त्यांना भावजी म्हणायची. नवा पैसा आला की माणूस आधी गाडी बदलतो, मग घर, आणि मग त्याला छंद सुचतात. भावजींना तो एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या मासिकात सापडला. युरोपात, भूमध्य समुद्रावर, भाड्याने मिळणारी आलिशान यॉट. वर कप्तान, स्वयंपाकी, पाण्याखाली नेणारा गाइड, आणि रोज डायव्हिंग. "हवाईला काय, कुणीही सोम्यागोम्या जातो," ते म्हणाले. स्वतः पोहायला शिकून त्यांना तेव्हा वर्षही झालं नसेल. तो डेंटिस्टही मराठीच, मुंबईचा. त्याला आणि त्याच्या बायकोलाही त्यांनी या वेडात ओढलं, आणि आम्हा नवराबायकोला तर धरूनच चालले होते.

माझ्या नवऱ्याचे कान दुखतात, खोल पाण्यात जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. "मी डेकवर बसून वाचेन," तो म्हणाला. डेंटिस्टच्या बायकोला पाण्याचीच भीती. म्हणजे खाली जाणारे चौघं उरलो: भावजी आणि डेंटिस्ट डॉक्टर ही एक जोडी, ती आणि मी दुसरी. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं. जोडीदार लागतोच, कारण आपली हवा संपली तर त्याच्या हवेवर वर यायचं असतं.

तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला फार सोपं वाटेल. मी अमेरिकेत आले तेव्हा या बाईने मला गाडी चालवायला शिकवली. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा नवरा कंपनीच्या कामाने व्हर्जिनियात अडकला होता. हॉस्पिटलात माझ्या उशाशी ही बसली होती. घरी आणल्यावर मऊ भात कालवून तिने मला स्वतःच्या हाताने भरवला. सख्खी बहीण करणार नाही इतकं तिने माझं केलं. ते मला आठवत नसतं तर मला एवढा राग आलाच नसता.

पूलमधला सगळ्यात किळसवाणा धडा शेवटी आला. टाकीतून जी नळी येते तिच्या टोकाला श्वास घ्यायचं यंत्र असतं, आणि त्याला रबराचा एक तुकडा, माउथपीस. तो दातांत धरायचा. जोडीदाराची हवा संपली की आपल्या तोंडातला माउथपीस काढून त्याला द्यायचा. त्याने दोन श्वास घ्यायचे, परत द्यायचा, मग आपण दोन घ्यायचे, आणि एकमेकांचा दंड धरून असं करत करत वर यायचं. लाळ पाण्यात धुऊन जाते, असं मास्तर सांगत होता, आणि त्याच्या स्वतःच्या माउथपीसला तार लोंबत होती. मला शिसारी आली. तिला तर आलीच असणार. तिच्या घरात फ्रिजमधल्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं की ती अख्खी बाटली सिंकमध्ये ओतून द्यायची, मग पिणारा नवरा का असेना.

पण पूलच्या तळाशी गुडघे टेकून बसल्यावर तिने माझ्या हातातून तो माउथपीस घेतला, डोळे घट्ट मिटले आणि तोंडात घातला. वर आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा असता तर तिथेच ओकले असते. तुझं काय गं, तू आपल्यातलीच." मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

आपल्यातली म्हणजे काय, ते पुढे काही आठवड्यांनी कळलं. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. गावावरून पडलेलं आडनाव. असली आडनावं महाराष्ट्रात सगळ्या जातींत सापडतात. नवरा गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. माझी भाषा शुद्ध, कारण माझे वडील शाळामास्तर होते आणि चुकीचा शब्द त्यांना खपत नसे. एवढ्या भांडवलावर तिने आम्हाला मनातल्या मनात स्वतःच्या पंगतीला बसवून टाकलं होतं. आम्ही काही लपवलं नव्हतं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण कॅलिफोर्नियात ती कुणाच्याही घरात असते, बाथरूममध्येसुद्धा. कुणी सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं. पण आपले लोक सरळ विचारत नाहीत. मूळ गाव विचारतात, पुण्यात कुठल्या पेठेत कोण नातेवाईक ते विचारतात, आणि उरलेली जागा स्वतःच भरून टाकतात.

त्या रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत बसली होती आणि नागपूरहून माझ्या भावाचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती. लाइन खरखरत होती, मी ओरडून बोलत होते, रडत होते, हसत होते, आणि फोन ठेवताना नेहमीप्रमाणे म्हणाले, "जयभीम दादा, वहिनीला पण सांग." वळून बघते तर तिची सुरी थांबलेली.

"अगंबाई, अभिनंदन हं," ती म्हणाली. मग पुन्हा चिरायला लागली, पण अगदी हळू. मी पुढे केलेली पोह्यांची बशी तिने दोन घास खाऊन तशीच ठेवली आणि काहीतरी काम आठवलं म्हणून निघून गेली. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. आपल्या माणसाबद्दल वाईट पटकन सुचत नाही.

पुढच्या शनिवारी माँटेरेच्या समुद्रात आमची परीक्षा होती. तिथलं पाणी म्हणजे बर्फ. भाड्याने मिळणारे जाड रबरी सूट घालूनच आत जावं लागतं, आणि त्या सुटांना एक कुबट, आंबूस वास येतो. कसला ते मास्तरनेच हसत हसत सांगितलं: खाली थंडी वाजली की लोक आतल्या आत लघवी करतात, तेवढीच ऊब. मी तो सूट अंगावर ओढताना नाक दाबून धरलं होतं. तिने तो निमूटपणे घातला, गळ्यापर्यंत चेन लावली, आणि मग पिशवीतून दोन नव्या कोऱ्या नळ्या काढल्या.

टाकीला अशी जादा नळी जोडता येते. हवा संपलेल्याने ती तोंडात धरायची, म्हणजे एकाच माउथपीसची देवाणघेवाण करावी लागत नाही. तेव्हा ती पद्धत नुकतीच सगळीकडे येत होती, आणि चांगलीच होती. पण ती म्हणाली, "एक तुझ्या टाकीला लावू, त्यातून मी घेईन. एक माझ्या टाकीला, त्यातून तू घे. म्हणजे एकमेकींचं नको."

"हे मधेच काय काढलंस?"

"हल्ली काय काय रोग आलेत बाई. टीव्हीवर बघत नाहीस का?"

"लाळेतून किती बॅक्टेरिया जातात, वहिनी, तुम्हाला कल्पना नाही," डॉक्टरांनी री ओढली, आणि भावजींच्या तोंडातून निघालेला माउथपीस घेऊन स्वतःच्या तोंडात कोंबला. त्यांची त्या दिवशीची परीक्षा तशीच झाली. जादा नळ्या दोनच आल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझे वडील ज्या गावात मास्तर होते तिथे चहाच्या हॉटेलाबाहेर कुडाच्या खुंटीला एक कप टांगलेला असे. वडिलांनी तो कप घ्यायचा, मालकाने वरून त्यात चहा ओतायचा, वडिलांनी बाहेर उभ्याने प्यायचा, स्वतःच धुवायचा आणि परत खुंटीला लावायचा. आत बाकड्यावर ज्यांची पोरं ते शिकवत ते बसलेले असत. दीक्षा घेतल्यावर वडिलांनी चहाच सोडला, मरेपर्यंत परत तोंडाला लावला नाही. हे सगळं मी त्यांच्याकडून ऐकलेलं. माझ्या वाट्याला असं कधी आलं नव्हतं. ते यायला मला सातासमुद्रापार, माँटेरेच्या वाळूत, मुताचा वास मारणाऱ्या रबरी सुटात उभं राहावं लागलं. हे माझं, हे तुझं.

परतीच्या वाटेवर गाडीत नवरा म्हणाला, "खरंच रोगाला घाबरली असेल."

"त्या भाड्याच्या सुटाला नाही घाबरली ती."

त्याने गाडी उजवीकडच्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाला, "मग आपण जायला नको. कॅन्सल करू."

"का? मला पाणी आवडायला लागलंय. पाणी काय तिच्या बापाचं आहे?"

हे खरं होतं. थुंकी, लाळ, सूट, सगळ्याची किळस येत असूनही खाली गेल्यावर जी शांतता असते ती मला हवीहवीशी वाटायला लागली होती. पण तेवढंच खरं नव्हतं. मला वाटत होतं की आठवडाभर एका बोटीवर राहिलो, एकत्र जेवलो, की ती स्वतःच लाजेल. एखाद्या दुपारी म्हणेल, जाऊ दे गं, मूर्खपणा झाला. ज्या हाताने भात भरवला तो हात इतक्यात कसा विसरेल? मला माझी मैत्रीण परत हवी होती, म्हणून मी गेले.

उन्हाळ्यात आम्ही फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात यॉटवर चढलो. मासिकातली चित्रं खोटी नव्हती. पांढरी शुभ्र बोट, पितळेच्या कड्या, पांढऱ्या चामड्याचे सोफे. बूट काढून चढायचं, हे बघून भावजींना वाटलं गोऱ्यांनी आपली संस्कृती घेतली. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बोट हलायला लागली आणि डॉक्टरांची बायको पहिल्याच तासात त्या पांढऱ्या सोफ्यावर ओकली. खालच्या खोल्यांत डिझेलचा वास, त्यात आमच्या बॅगांतल्या लसणाच्या चटणीचा. दुपारी स्वयंपाक्याने समुद्रातून काढलेले काळ्या काट्यांचे जिवंत गोळे आणले, कात्रीने फोडले आणि आतला पिवळा चिखल लिंबू पिळून पुढे केला. भावजींनी तो चमच्याने खाल्ला, कारण बाजूच्या बोटीवरचे लोक बघत होते. त्यांच्या हनुवटीवरून तो ओघळ खाली आला तेव्हा माझा नवरा पुस्तक मिटून खाली निघून गेला.

संडासाची तर वेगळीच तऱ्हा. तिथे हाताने पंप मारायचा, की सगळं बोटीच्या बुडातून थेट समुद्रात. आमच्याच बोटीतून नव्हे. त्या निळ्याशार खाडीत नांगर टाकलेल्या सगळ्या आलिशान बोटींतून. सकाळी सगळे श्रीमंत आपापला पंप मारत आणि दहा मिनिटांनी त्याच पाण्यात टॉवेल टाकून उड्या घेत. मी एकदा शिडीवर उभी असताना खालून काय तरंगत गेलं ते सांगत नाही. तीही उतरायची त्यात, डोक्यापर्यंत बुडायची, पाणी नाकातोंडात जायचं, आणि वर येऊन म्हणायची, "काय क्लीन आहे नाही पाणी?"

आणि रोज डायव्हिंगच्या आधी तिचं सोवळं चालायचं. यॉटवरच्या टाक्यांना जादा नळी होतीच, बोटीच्या मालकीची. पण ती किती जणांच्या तोंडात गेलेली, आणि आता माझ्या टाकीवरची. म्हणून तिने सनीव्हेलहून स्वतःचा नवा माउथपीस साबणाच्या डबीत घालून आणला होता. खाली उतरण्याआधी ती माझ्या जादा नळीचा माउथपीस उपटून काढायची, त्या जागी स्वतःचा बसवायची; वर आलं की काढून गरम पाण्याने धुऊन पुन्हा डबीत. प्लास्टिकच्या पट्टीने तो आवळावा लागतो, आणि ती पट्टी एकदा आवळली की कापूनच काढावी लागते. रोज कोण कापणार? म्हणून ती त्याभोवती केसांना लावायचं रबर गुंडाळायची. गाइड, उन्हाने काळा पडलेला एक फ्रेंच माणूस, त्याने पहिल्या दिवशी पट्टी आणून दिली. तिने "नो, नो, धिस इज बेटर" म्हणून परत केली. त्याने खांदे उडवले. त्याच्या लेखी आम्ही सगळेच विचित्र होतो.

तिच्या स्वतःच्या नळीचा, रोज तोंडात धरायचा माउथपीस मात्र तिने बदलला नाही. तोही बोटीचाच होता, आणि आमच्याआधी त्याला कोण कोण चावून गेलं ते कप्तानालाही माहीत नसेल. त्याची तिला घाण वाटली नाही. ते सगळे अनोळखी गोरे होते ना. मी हे रोज डोळ्यांनी बघत होते, टाकी पाठीवर घेऊन तिच्यासमोर उभी राहून. ती माझ्या बरगडीपाशी वाकून ते केसांचं रबर गुंडाळायची, आणि तोंडाने बोलायची काय तर रात्रीच्या जेवणात मुगाची खिचडी करू या का. बोलावंसं वाटायचं. रोज वाटायचं, आज तीच बोलेल.

शेवटच्या आधल्या दिवशी आम्ही एका बुडालेल्या कड्यापाशी उतरलो. भावजी आणि डॉक्टर गाइडच्या मागे पुढे निघून गेले, कारण गाइडने मोठा मासा दाखवायचं कबूल केलं होतं. ती नवीन कॅमेऱ्याने कड्यातली लाल झाडं टिपत राहिली. ती आधीच धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायची, त्यात कॅमेरा. हवेच्या काट्याकडे तिचं लक्ष नव्हतं. एकदम ती माझ्याकडे वळली आणि तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली, याची ती खूण.

मी ठरल्याप्रमाणे जादा नळी तिच्या हातात दिली. तिने ती तोंडात घातली, दात रोवले, श्वास ओढला, आणि पाणीच ओढलं. केसांचं रबर सटकलं होतं. तिचा तो धुतलेला, डबीतला माउथपीस तिच्या दातांत राहिला आणि उघडी नळी माझ्या हाताशी हेलकावे खात बुडबुडे सोडायला लागली. तिने खोकून ते रबर थुंकलं. मास्कच्या काचेमागे तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते. मग ते डोळे माझ्या तोंडावर आले.

मी माझा माउथपीस काढून पुढे केला. ती क्षणभरही थांबली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते. तिने तो हिसकावून घेतला आणि तोंडात घातला. दोन श्वास घ्यायचे असतात. तिने किती घेतले देव जाणे. माझी छाती फुटायला आली तेव्हा मी तो तिच्या दातांतून ओढून काढला. मग तिचा धीर परत आला, आणि आम्हाला पूलमधलं सगळं आठवलं. दोन तिचे, दोन माझे. मी तिचा दंड धरला होता, तिने माझा. इतक्या जवळून मी तिचा चेहरा हॉस्पिटलानंतर पहिल्यांदाच बघत होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला वाटलं, झालं. सुटलो आपण यातून.

शिडीवरून आम्हाला ओढून वर घेतलं. डॉक्टरांची बायको फोटो काढत होती, माझा नवरा टॉवेल घेऊन धावला. मागून भावजी आले, घाबरेघुबरे. "काय झालं? काय झालं?"

माझे दात वाजत होते. ती बोलली. "काही नाही हो. एअर संपली माझी. हिच्या स्पेअरमधून घेतली आणि आलो वर."

"बघ," भावजी म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, स्पेअर पाहिजेच."

ती माझ्याकडे न बघता खाली गेली. मी डेकवर बसून राहिले. माझ्या नवऱ्याने टाकी उतरवून घेतली आणि ती उघडी नळी हातात धरून उलटसुलट करून बघितली. तिच्यावर माउथपीस नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. एरवी शिव्या न देणारा माणूस, त्याने तेव्हा एक शिवी दिली. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली नाही. कान दुखतोय म्हणाली.

मला तिचं थँक यू नको होतं. जीव वाचवल्याचं ऋण वगैरे मी मानत नाही; तिच्या जागी गाइडचं कुत्रं असतं तरी मी हवा दिली असती. मला एवढंच हवं होतं की जे घडलं ते तिने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं. तुझ्या तोंडातलं घेतलं, आणि मेले नाही. बस. मग मी सगळं सोडून दिलं असतं, नळ्या, डबी, केसांचं रबर, सगळं. पोह्यांची बशी पुढे केली असती. सनीव्हेलला परतल्यावर मी त्याची वाट बघितली. तिचे फोन आले, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या, आणि फोन ठेवले गेले.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी त्यांनी टेकडीवरच्या घरी सगळ्यांना स्लाइड शोला बोलावलं. तेव्हा तशी पद्धतच होती. कुणी कुठे जाऊन आलं की पडदे ओढायचे, भिंतीवर चादर टांगायची, आणि प्रत्येकाने घरून आणलेलं पॉटलकचं जेवून लोकांनी दोन तास त्यांची स्थळं बघायची. महाराष्ट्र मंडळातले बरेच जण होते. पुण्याहून तिची आई आलेली होती, त्यांना सगळे काकू म्हणत होते. त्या पुढच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. नवरा मला म्हणाला होता, नको जाऊ या. मी म्हटलं, मला ऐकायचंय ती काय सांगते.

सोफा आला, कप्तान आला, ते काट्यांचे गोळे आले आणि भावजींनी त्यांचं वर्णन "काय डेलिकसी आहे" असं केलं. लोक हावरटासारखे बघत होते. मला त्या चादरीवर सगळं पुन्हा ओकाऱ्यांसकट दिसत होतं. मग शिडीचा फोटो आला. ती आणि मी, दोघींचे ओठ निळे, एकमेकींचे दंड अजून धरलेले.

"ही तर मोठीच गंमत," ती अंधारात म्हणाली. "माझी एअर संपली साठ फुटांवर. पण मी आधीच स्पेअर नळीची व्यवस्था केली होती, म्हणून वाचले. त्यातून श्वास घेत आलो शांतपणे वर."

"स्पेअर बंद पडली होती," मी म्हणाले.

माझा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं चढेल.

"तू लावलेलं रबर निसटलं. मग माझ्या तोंडातला काढून घेतलास तू. वर येईपर्यंत दोन श्वास तू, दोन मी. तेवढंही सांग ना."

कुणीतरी खाकरलं. भावजींनी घाईघाईने पुढची स्लाइड लावली, एक सूर्यास्त आला. काकू खुर्चीत वळल्या. त्या लाल उजेडात त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे.

"म्हणजे गं?" त्या म्हणाल्या. "हिच्या तोंडातलं?"

मी तिच्याकडे बघत होते. तिला फक्त हो म्हणायचं होतं.

"वर आल्यावर लगेच चूळ भरली होती मी, आई," ती म्हणाली.